स्पीकर का घुमतो?

गावातील गणेशोत्सवात, शाळेच्या स्नेहसंमेलनात किंवा एखाद्या भजनाच्या कार्यक्रमात तुम्ही एक गोष्ट नक्की अनुभवली असेल. वक्ता बोलायचा थांबतो, सभा शांत होते आणि स्पीकरमधून ‘घूं...’ असा एकसुरी आवाज येत राहतो. कोणी बोलत नाही, कोणी वाजवीत नाही. मग हा आवाज करतो कोण? या प्रश्नाचे उत्तर शोधण्याची वेळ माझ्यावर एकदा आली. ते शोधताना आवाजापेक्षाही महत्त्वाची अशी दुसरीच एक गोष्ट हाती लागली. तीच आज तुम्हाला सांगावयाची आहे.

कर्जत तालुक्यातील एका सभागृहात शास्त्रीय गायनाचा कार्यक्रम होता. गायकाचा षड्ज ‘पांढरी दोन’चा. तानपुरा लावला जात होता. पण जोडीच्या तारा काही केल्या लागत नव्हत्या. स्वर हेलकावे खात होता. शेवटी गायकाने ध्वनिवर्धक यंत्रणाच बंद करावयास सांगितली, आणि तानपुरा तत्काळ सुरात लागला. त्या रात्रीची मैफल माईकशिवाय झाली. मागच्या रांगांतील मंडळी कानामागे हात धरून बसली होती.

असे का झाले? पांढरी दोनचा षड्ज म्हणजे सेकंदाला सुमारे १४७ कंपने. आपल्या घरातील वीज सेकंदाला ५० आवर्तने करते. परंतु एलईडी दिवे, चार्जर व खुद्द ॲम्प्लिफायर हे विजेची धारा संथपणे न घेता प्रत्येक लाटेच्या माथ्यावर झटक्याने ओढतात. त्यामुळे धारेत ५० च्या तिप्पट, म्हणजे १५० आवर्तनांचाही अंश मिसळतो. स्पीकरमधून येणाऱ्या घुमण्यात हाच १५० चा स्वर ठळक होता. दोन जवळचे स्वर एकत्र आले की त्यांच्या वारंवारतांतील फरकाइतके ठोके दर सेकंदाला ऐकू येतात. १५० वजा १४७ म्हणजे ३. तानपुऱ्याचा स्वर सेकंदाला तीन वेळा हेलकावत होता तो यामुळे.

पन्नास आवर्तने कोठून येतात?

या प्रश्नाचे उत्तर पहावयास आपल्या भागातील विद्यार्थ्यांना दूर जावे लागत नाही. खालापूर तालुक्यातील खोपोली येथे टाटांचे जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू झाले. वळवण, शिरवटा व लोणावळा या घाटमाथ्यावरील तलावांचे पाणी नळांवाटे सुमारे ५०० मीटर खाली येते आणि त्याच्या झोताने चक्रे फिरतात. कर्जत तालुक्यातील भिवपुरीचे केंद्र १९२२ साली सुरू झाले. जनित्रातील चुंबकाच्या ध्रुवांची एक जोडी तारांच्या वेटोळ्यापुढून गेली की विजेचे एक आवर्तन पुरे होते. समजा जनित्र मिनिटाला ३०० फेरे, म्हणजे सेकंदाला ५ फेरे घेत असेल, तर ५० आवर्तनांसाठी त्यात ध्रुवांच्या १० जोड्या हव्यात. ३१ डिसेंबर २०१३ रोजी दक्षिणेचे वीजजाळे उर्वरित देशाच्या जाळ्याला जोडले गेले. तेव्हापासून साऱ्या देशाचे मुख्य जाळे एकाच तालावर चालते. म्हणजे सभागृहातील ती ‘घूं’ हा या जनित्रांच्या फिरण्याचाच प्रतिध्वनी म्हणावयाचा. पण तो स्पीकरपर्यंत पोहोचलाच कसा?

रॅकच्या पाठीमागे

सभागृहाच्या विश्वस्तांनी मला यंत्रणा पहावयास बोलाविले. एका रविवारी सकाळी मी दोन विद्यार्थ्यांसह गेलो. तेथील अनुभवी वायरमनकाका व ध्वनियंत्रणा सांभाळणारा तरुण हजर होतेच. रंगमंचाच्या बाजूला लोखंडी रॅकमध्ये दोन ॲम्प्लिफायर होते. मिक्सर मात्र सभागृहाच्या दुसऱ्या टोकाला, प्रेक्षकांच्या मागे होता. रॅकच्या पाठीमागे पाहिले तर तारांचा नुसता गुंता! कोणती तार कोठून येते हे सांगणारी एकही चिठ्ठी नाही.

अशा यंत्रणेत चार प्रकारच्या तारा असतात. माईकच्या तारेत जेमतेम १ ते २ मिलिव्होल्टचा संकेत असतो. मिक्सर तो सुमारे २०० पट वाढवून ३०० मिलिव्होल्टच्या घरात नेतो आणि दुसऱ्या तारेने ॲम्प्लिफायरकडे पाठवितो. ॲम्प्लिफायरपासून स्पीकरकडे जाणाऱ्या तिसऱ्या तारेत २० व्होल्ट असू शकतात. चौथी तार विजेच्या पुरवठ्याची, २३० व्होल्टची. म्हणजे सर्वात दुबळ्या व सर्वात बलवान तारेत लाखाहून अधिक पटींचा फरक! त्या दोघी एकाच गुंत्यात शेजारी नांदत असतील तर बलवान तारेने दुबळीच्या कामात ढवळाढवळ केली नाही तरच नवल.

दोष शोधताना आम्ही एका वेळी एकच बदल करावयाचा असे ठरविले. मिक्सरकडून येणाऱ्या तारा दोन्ही ॲम्प्लिफायरच्या काढल्या, घुमणे थांबले. अर्थात ॲम्प्लिफायर निर्दोष होते. पहिल्याची तार जोडली; शांतता. दुसऱ्याची जोडली, घुमणे सुरू! मिक्सरवरील सर्व बटणे शून्यावर आणली तरी ते तसेच राहिले. म्हणजे दोष माईककडूनही येत नव्हता. मग मिक्सरचा प्लग मागच्या भिंतीवरील सॉकेटमधून काढून, लांब एक्स्टेन्शनने रॅकजवळच्या सॉकेटमध्ये बसविला. आता घुमणे एकदम कमी झाले. यंत्रे तीच, संकेताची तार तीच. बदलले होते ते फक्त वीज घेण्याचे ठिकाण.

फॅरडेचे वलय

शाळेत तुम्ही शिकला आहात की वाहक वलयातून जाणारे चुंबकीय क्षेत्र बदलत राहिले की त्या वलयात विद्युत दाब निर्माण होतो. मायकेल फॅरडेने १८३१ साली हे दाखवून दिले. सभागृहात असे वलय कोठे होते? ॲम्प्लिफायरच्या धातूच्या पेटीपासून निघा. संकेतवाहक तारेवरील जाळीदार आवरणातून मिक्सरपर्यंत जा. मिक्सरच्या तीन पिनांच्या प्लगमधून अर्थिंगच्या तारेत शिरा. ती तार भिंतीतून सभागृहाला वळसा घालून मुख्य फलकापाशी येते आणि तेथून ॲम्प्लिफायरच्या अर्थ पिनेतून पुन्हा त्याच पेटीपाशी पोहोचते. वर्तुळ पुरे झाले!

सभागृह २४ मीटर लांब व १० मीटर रुंद. म्हणजे वलयाचे क्षेत्रफळ २४० चौरस मीटर. भोवतालच्या वीजतारांमुळे तेथे सरासरी ०.१ मायक्रोटेस्ला इतके क्षीण, ५० आवर्तनांचे क्षेत्र आहे असे समजा. मग

विद्युत दाब = २ × ३.१४ × ५० × ०.००००००१ × २४० = ०.००७५ व्होल्ट,

म्हणजे साडेसात मिलिव्होल्ट. या दाबामुळे वलयातून धारा वाहते आणि वलयाच्या रोधांच्या प्रमाणात दाब वाटला जातो. जाळीच्या वाट्याला निम्मा आला असे धरले, तर पावणेचार मिलिव्होल्ट थेट संकेतात मिसळतात. ३०० मिलिव्होल्टच्या गाण्यात ही भेसळ ऐंशीत एक एवढी झाली. गायक मोठ्याने गात असताना ती लपेल. आलापातील शांत जागी ती उघडी पडेल.

सूत्रात वारंवारता गुणक म्हणून येते, हेही ध्यानात घ्या. क्षेत्र तेवढेच असेल तर १५० आवर्तनांचा अंश तिप्पट दाब निर्माण करतो. शिवाय आपला कान ५० आवर्तनांपेक्षा १५० आवर्तनांना बराच अधिक तीक्ष्ण असतो. तानपुऱ्याशी भांडणारा तो स्वर ठळक का होता हे आता समजेल.

तुटलेली पिन

पण एक कोडे उरलेच. दुसऱ्या ॲम्प्लिफायरने घुमणे सुरू होते, तर पहिल्याने का नाही? मी त्याचा प्लग काढून पाहिला. वरची जाड पिन जागेवर नव्हती. कोणीतरी ती कापून टाकली होती.

तरुण म्हणाला, “सर, तो पूर्वी असाच घुमायचा. पिन काढली आणि आवाज बंद झाला. नव्याचीही काढून टाकू का? दोन मिनिटांचे काम आहे.”

त्याचे म्हणणे एका अर्थी खरे होते. अर्थ पिन काढली की वलय तुटते आणि घुमणे थांबते. हा उपाय अनेक ठिकाणी सर्रास केला जातो, कारण तो लागू पडतो. म्हणूनच तो घातक आहे.

त्या ॲम्प्लिफायरच्या सर्व संकेततारा काढून, काकांनी त्याची पेटी आणि फलकातील अर्थ यांमध्ये मल्टीमीटर लावला. आकडा आला १०४ व्होल्ट! यंत्रातील छोट्या धारित्रांतून झिरपणाऱ्या विजेमुळे हा दाब दिसतो. त्यातून वाहू शकणारी धारा अगदी अल्प असते. हाताला मुंग्या येतात एवढेच. पण त्या आकड्याने एक गोष्ट दाखवून दिली. त्या पेटीचा जमिनीशी संबंध केवळ संकेताच्या तारेवरील नाजूक जाळीमुळे टिकून होता.

आता समजा, पावसाळ्यातील दमटपणाने किंवा उंदराने कुरतडल्याने आतील फेजची तार पेटीला टेकली. अर्थिंग चांगले असते, त्याचा रोध ५ ओहम असता, तर २३० ÷ ५ = ४६ ॲम्पिअरची धारा जमिनीकडे गेली असती व फ्यूजने आपले काम केले असते. पिन नसल्यामुळे हा सारा लोंढा त्या नाजूक जाळीतून मिक्सरकडे जाईल. मिक्सरचा प्लग ढिला असेल तर मिक्सरची पेटी, तिला जोडलेल्या माईकच्या तारा आणि माईकचे धातूचे अंग या सर्वांवर २३० व्होल्ट येतील. घामेजलेल्या हाताने माईक धरून, दुसरा हात एखाद्या लोखंडी खांबाला लावलेल्या माणसाच्या शरीराचा रोध १,५०० ओहम धरला, तर २३० ÷ १,५०० = ०.१५३ ॲम्पिअर, म्हणजे १५३ मिलिॲम्पिअर धारा त्याच्या छातीतून जाईल. ३० मिलिॲम्पिअरच्या पुढची धारा थोडा वेळ टिकली तरी जिवाला धोका असतो. फ्यूजला मात्र १५३ मिलिॲम्पिअर म्हणजे काहीच नव्हे. तो वितळणार नाही.

ही केवळ कल्पना नव्हे. ३ मे १९७२ रोजी वेल्समधील स्वान्सी येथे ‘स्टोन द क्रोज’ या वाद्यवृंदाचा गिटारवादक लेस हार्वे रंगमंचावर विजेच्या धक्क्याने मरण पावला. त्याचा स्पर्श झाला होता तो अर्थिंग नसलेल्या माईकला.

हे सारे कागदावर मांडून दाखविले तेव्हा तो तरुण बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “सर, गेल्या शिमग्याला मुले याच माईकवर गात होती.” त्यानंतर पिन काढण्याचा विषय निघाला नाही.

नवी जोडणी

घुमणेही जावे आणि अर्थिंगही रहावे, हे कसे साधावयाचे? वलय तोडता येत नसेल तर ते लहान करावे, आणि उरलेला दाब संकेतात शिरणार नाही अशी व्यवस्था करावी. मुख्य वीज बंद करून काकांच्या हाताखाली आम्ही पुढीलप्रमाणे काम केले.

पहिले काम कागदावरचे. प्रत्येक तारेला क्रमांक दिला व तिच्या दोन्ही टोकांना तोच क्रमांक चिकटविला. आराखडा तयार झाल्याखेरीज एकही तार काढली नाही.

दुसरे काम वीजपुरवठ्याचे. दोन्ही ॲम्प्लिफायर व मिक्सर यांना रॅकमधील एकाच वितरण पट्टीवरून वीज दिली. तुटक्या पिनेचा प्लग बदलला. सर्व अर्थ तारा तांब्याच्या एकाच पट्टीवर आणल्या आणि तेथून एक जाड तार मुख्य अर्थिंगकडे नेली. झाडाच्या फांद्या बुंध्याशी मिळाव्यात तशी. मिक्सरची वीजतार आता संकेततारेच्याच वाटेने, तिच्यापासून ३० सेंटिमीटर अंतर राखून जाते. वलयाचे क्षेत्रफळ २४ × ०.३ = ७.२ चौरस मीटर झाले. पूर्वीच्या तुलनेत तेहतिसावा हिस्सा! दाबही तितकाच घटला. रंगमंचाच्या दिव्यांचा डिमर वेगळ्या वाहिनीवर ठेवला.

तिसरे काम संकेततारेचे. एक तार व जाळी अशा जोडणीऐवजी दोन पिळलेल्या तारा व त्यांवर जाळी अशी संतुलित जोडणी केली. तिच्यात ३०० मिलिव्होल्टचा संकेत एका तारेत +१५० व दुसरीत −१५० असा जातो. वाटेत घुमण्याचे ४ मिलिव्होल्ट मिसळले तर दोन्ही तारांत सारखेच मिसळतात. ते +१५४ व −१४६ होतात. ॲम्प्लिफायर या दोहोंतील फरक तेवढा घेतो, आणि तो पुन्हा ३०० च येतो! तारांना पीळ असल्यामुळे शेजारच्या वेटोळ्यांत निर्माण होणारे दाब परस्परविरुद्ध असतात व एकमेकांना खोडतात. टेलिफोनच्या तारांसाठी ही युक्ती अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल याने १८८१ सालीच पेटंट करून ठेवली होती.

चौथे काम मांडणीचे. रॅकच्या एका बाजूने वीजतारा, दुसऱ्या बाजूने संकेततारा. जेथे ओलांडणे अटळ होते तेथे त्या काटकोनात ओलांडल्या. हिरवट पडलेले प्लग साफ केले, सुटू पाहणारे सांधे नव्याने डाख दिले.

शेवटचे काम सुरक्षिततेचे. आपल्याकडे पावसाळ्यात जमीन चिंब असते, पण एप्रिल-मेमध्ये, ऐन जत्रा व लग्नसराईच्या दिवसांत, कातळावरची माती कोरडी पडून अर्थिंगच्या खड्ड्याचा रोध वाढतो. तेव्हा खड्ड्यात पाणी घालण्याची व रोध मोजून घेण्याची पद्धत घालून दिली. तरीही केवळ फ्यूजवर विसंबून चालत नाही. म्हणून रॅकच्या वाहिनीवर ३० मिलिॲम्पिअरला तुटणारा आरसीसीबी हा सुरक्षा-स्विच बसविला. फेजमधून गेलेली व न्यूट्रलमधून परतलेली धारा यांत तेवढा फरक पडला की तो क्षणार्धात वीज तोडतो.

संध्याकाळी यंत्रणा सुरू केली. तरुणाने स्पीकरला कान लावला. त्याने काकांकडे पाहून विचारले, “चालू आहे ना?” काकांनी माईकवर टिचकी मारली, आणि तो दचकून मागे सरला!

करून पहा

सूचना : पुढील प्रयोगात फक्त बॅटरीवर चालणारा स्पीकर वापरा, तो चार्जरला जोडलेला नसावा. घरातील वीजजोडणीला किंवा प्लगला हात लावू नका. ते काम परवानाधारक वायरमनचे.

वहीच्या आकाराच्या पुठ्ठ्याभोवती लाखेचा लेप दिलेल्या बारीक तांब्याच्या तारेचे २०० वेढे द्या. टोके खरवडून ती बॅटरीवरील स्पीकरच्या ‘ऑक्स’ तारेला जोडा. आवाज पूर्ण वाढवून हे वेटोळे चालू टेबलफॅनच्या बाजूला, पात्यांपासून दूर धरा. घुमणे ऐकू येईल. वेटोळे हळूहळू फिरवा. आवाज कमीजास्त होईल. का? आता वेटोळे पुठ्ठ्यावरून काढून मध्यभागी एक पीळ द्या, म्हणजे इंग्रजी आठच्या आकड्यासारखा आकार होईल. पुन्हा ऐका आणि बेलची युक्ती स्वतःच्या कानांनी पडताळून पहा.

दोन उदाहरणेही सोडवा. (१) १ चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचा रोध दर मीटरला ०.०१७२ ओहम असतो. २४ मीटर दूर असलेल्या ८ ओहमच्या स्पीकरला ०.७५ चौरस मिलिमीटरची तार जोडली तर शक्तीचा कितवा भाग तारेतच वाया जाईल? २.५ चौरस मिलिमीटरची जोडली तर? जाणारी व येणारी अशा दोन्ही तारा हिशेबात धरावयास विसरू नका. (२) गायकाचा षड्ज पांढरी दोनऐवजी काळी दोनचा, म्हणजे सुमारे १५६ कंपनांचा असता, तर सेकंदाला किती ठोके पडले असते?

आणि एक काम उदाहरणाबाहेरचे. तुमच्या शाळेच्या ध्वनिवर्धकाचा प्लग तीन पिनांचा असेल तर वरची जाड पिन जागेवर आहे ना, हे शिक्षकांना पहावयास सांगा. ती नसेल, तर यंत्र कितीही शांत चालत असले तरी प्लग बदलेपर्यंत ते वापरू नका.